वेताळ टेकडीवरची तपासणी

बीड जिल्ह्यातल्या उमापूर गावातली कोणतीही मोटारसायकल घ्या. नंबरप्लेटवर एमएच २३, म्हणजे पासिंग बीडचे. पण बीडच्या आरटीओत तिला नंबर मिळण्याच्या पुष्कळ आधी त्या मॉडेलचा एक नमुना कुठल्या तरी प्रयोगशाळेत लोखंडी रोलरवर चढलेला असतो. तिथे तो जागच्या जागी पळवला जातो, त्याच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर पिशव्यांत भरला जातो आणि तो धूर कायद्याच्या मापात बसला तरच ते मॉडेल देशात विकायची परवानगी मिळते. हे काम करणाऱ्या अधिकृत संस्था देशात मोजक्याच. त्यांतली सर्वांत नावाजलेली संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचे पूर्ण नाव. सगळे तिला एआरएआय म्हणतात. शोरूममध्ये गाडीचे अ‍ॅव्हरेज विचारले की सेल्समन जो आकडा सांगतो, तो बहुधा तिचाच असतो. गावाकडच्या स्मरणिकेत पुण्यातल्या संस्थेचा इतिहास कशाला, या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे.

संस्थेची स्थापना १९६६ ची. वाहने बनवणारे कारखानदार आणि केंद्र सरकार यांनी मिळून ती काढली. त्या काळी अशा सहकारी संशोधन संस्था काही उद्योगांनी काढल्या होत्या. कापड गिरण्यांची अहमदाबादची ‘अटिरा’ त्यांत जुनी. वाहनांसाठी पुणे निवडले गेले यात नवल नव्हते. खडकीला किर्लोस्कर, आकुर्डीला बजाज, कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स, आणि पिंपरीला टेल्कोने आपले काम सुरू केले तेही १९६६ सालीच.

इंजिने मात्र महाराष्ट्रात त्याच्या बरीच आधीपासून बनत होती. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. पुढे विहिरीवरची मोट सुटून इंजिन आले, त्याला हँडल मारून चालू करायची तालीम घराघरांतल्या पोरांनी घेतली, तेव्हा इंजिन म्हणजे हेच, अशी आपल्याकडच्या एका पिढीची समजूत होती. फटफटी त्यानंतरची आणि मोटार त्याच्याही नंतरची.

रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी होती. ती इथे बनत, पण त्यांचा आराखडा बाहेरून आलेला असे. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने फियाटचे इंजिन घेतले. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून मर्सिडीजचे डिझेल इंजिन ट्रकात बसवले. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि इटलीच्या पियाजिओची व्हेस्पा आकुर्डीत तयार होऊ लागली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर तेच इंजिन पुढे ‘चेतक’ या नावाने घरोघर गेले. राजदूतचा आराखडा पोलंडचा, जावाचा चेकोस्लोव्हाकियाचा, बुलेटचा इंग्लंडचा. त्या त्या देशाच्या हवेत, तिथल्या पेट्रोलवर आणि तिथल्या रस्त्यांवर ही इंजिने पारखली गेली होती. आपल्या ४४ अंशांच्या उन्हात, आपल्या धुळीत आणि नवरा-बायको, दोन मुले व वर एक पिशवी एवढ्या ओझ्याखाली ती कशी वागतात, हे पद्धतशीर मोजणारे कोणी नव्हते. एआरएआयचा जन्म झाला तो ही उणीव भरून काढायला.

ती उणीव लगेच भरून निघाली, असे मात्र म्हणता येत नाही. परवाना राज्यात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. लग्न ठरण्याआधी स्कूटर बुक करणारी घरे होती. माल बाहेर पडण्याआधीच विकला गेलेला असेल तर कारखानदार इंजिन सुधारायचा खर्च कशाला करील? अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन तीस वर्षांहून अधिक काळ जवळपास तसेच राहिले. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन गाडी बंद होईपर्यंत चालले. बुलेटच्या ३४६ सीसीच्या इंजिनात १९५५ पासून चार दशकांत मुळातला फरक फारसा पडला नाही, आणि बुलेटवाले आजही ते अभिमानाने सांगतात. या काळात टेकडीवर प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या, सुट्या भागांची तपासणी होत होती, मानके लिहिली जात होती. पण त्या मानकांमागे कायद्याचा दंडुका नव्हता. कारखानदारच सभासद असलेल्या संस्थेने कारखानदारांना काय बजावायचे, हा अवघड प्रश्न तेव्हाही होता.

दंडुका आला तो मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांबरोबर. ते १ जुलै १९८९ पासून लागू झाले. त्यांतला नियम १२६ सांगतो, की वाहनाचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेकडून तपासून घेतल्याशिवाय ते विकता येणार नाही. या यादीत एआरएआय आली. पुण्याचीच भोसरीची सीआयआरटी आली, अहमदनगरची (आता अहिल्यानगरची) व्हीआरडीई आली. ही व्हीआरडीई उमापूरला पुण्यापेक्षा खूप जवळ, पण मूळची लष्कराच्या वाहनांसाठीची. म्हणजे देशभरातल्या या मोजक्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात. नियम ११५ धुराचा. पेट्रोल पंपाच्या कडेला मिळणारी पीयूसीची चिठ्ठी त्याच नियमातून निघते. गाडी न दाखवताही ती चिठ्ठी कुठे कुठे मिळते हे सर्वांना माहीत आहे. तो दोष टेकडीवरच्यांचा नाही.

धूर मोजायचा तर आधी गाडी कशी चालवून मोजायचा हे ठरवावे लागते. जागेवर उभ्या गाडीचा धूर निराळा, चढावरच्या गाडीचा निराळा. युरोप-अमेरिकेने आपापल्या रस्त्यांप्रमाणे चालवण्याचे वेळापत्रक ठरवलेले होते. ते जसेच्या तसे उचलण्याऐवजी आपल्या शहरांतल्या रहदारीचा अभ्यास करून ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ बसवले गेले. या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो. त्याचा एक फेरा १०८ सेकंदांचा. त्यात गाडी ४२ सेकंद वेग वाढवत असे, ३७ सेकंद वेग कमी करत असे, १६ सेकंद उभी असे, आणि एकसारख्या वेगाने चाले फक्त १३ सेकंद. असे ६ फेरे, म्हणजे ६४८ सेकंदांत ३.९४८ किलोमीटर. सर्वांत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आत. बीडच्या बसस्थानकासमोरून कधी दुचाकी काढली असेल त्याला हे आकडे वेगळे समजावून सांगायला नकोत. पुढे रिक्षा थांबली, ब्रेक. मोकळी जागा दिसली, अ‍ॅक्सिलरेटर. बैल आडवा आला, पुन्हा ब्रेक. आपली शहरी रहदारी कोणी सेकंदांत मांडली असेल तर ती इथे.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडीचे मागचे चाक रोलरवर ठेवतात. हा रोलर साधा नसतो. त्याच्या मागे डायनॅमोमीटर असतो आणि तो चाकाला उलटा जोर देतो. खऱ्या रस्त्यावर हवा, टायर आणि वजन मिळून गाडीला जेवढे मागे ओढतील, तेवढाच हा जोर बसवलेला असतो. तो किती असावा हे ठरवायला गाडी आधी सपाट रस्त्यावर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात थांबते ते मोजतात. मग रोलरवर चालक समोरच्या पडद्यावरच्या रेघेबरोबर वेग जुळवत राहतो. रेघ सोडून फार इकडे-तिकडे गेला तर चाचणी बाद. समोर मोठा पंखा, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही. सायलेन्सरचा सगळा धूर नळीने ओढून त्यात स्वच्छ हवा मिसळतात आणि त्या मिश्रणाचा ठरावीक हिस्सा पिशव्यांत साठवतात. मग यंत्रे त्यातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेला हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात.

अ‍ॅव्हरेजही याच पिशवीतून काढतात, आणि ते काढताना टाकीतले पेट्रोल मोजतच नाहीत. पेट्रोलमध्ये कार्बन किती हे ठाऊक असते. इंजिनात गेलेला कार्बन कोणत्या ना कोणत्या रूपात धुरातूनच बाहेर पडणार. धुरातला कार्बन मोजला की किती पेट्रोल जळले ते निघते. हिशेब अगदी चोख. पण या चोख हिशेबामागची गाडी बंद खोलीत, ठरावीक तापमानात, समोरचा वारा, खड्डे आणि मागे बसलेला पाहुणा यांच्याशिवाय चालवलेली असते. शेवगाव रस्त्याला साठच्या वेगाने डबलसीट जाणाऱ्याला तो आकडा कधी मिळत नाही, आणि मग तो कंपनीला, मेकॅनिकला किंवा पंपवाल्याला दोष देतो. आकडा खोटा नसतो. एका गाडीची दुसरीशी तुलना करता यावी म्हणून तो काढलेला असतो. दुकानदारांनी त्याचे आश्वासन करून टाकले. संस्थेने या बाबतीत ग्राहकाशी थेट, साध्या भाषेत बोलायला हवे होते असे मला वाटते. तिचा सगळा व्यवहार कारखाने आणि मंत्रालये यांच्याशी. ज्याच्या खिशातून पेट्रोलचे पैसे जातात त्याच्याशी तिचा फारसा संबंधच आला नाही.

धूर मोजण्याच्या या प्रयोगशाळांच्या उभारणीत एका मराठी अभियंत्या बाईंचे नाव घ्यायला हवे. रश्मी ऊर्ध्वरेषे १९८३ मध्ये शिकाऊ अभियंता म्हणून एआरएआयमध्ये आल्या. त्यांचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे. मोटार उद्योगात त्या काळी बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि इंजिनाच्या चाचणीकक्षात तर त्याहून कमी. उत्सर्जन मोजण्याची प्रयोगशाळा देशात उभी करण्याच्या कामात त्या पहिल्यापासून होत्या. २०१४ मध्ये त्या संस्थेच्या संचालक झाल्या आणि ८ मार्च २०२० रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. शिकाऊ म्हणून आलेली व्यक्ती त्याच संस्थेच्या खुर्चीवर बसते, यावरून संस्थेच्या आतल्या वातावरणाबद्दलही काही कळते.

आता या मोजमापाने इंजिनाचे काय केले ते पाहू. १९९१ मध्ये दुचाकींसाठी पहिली मर्यादा आली, तेव्हा किलोमीटरमागे १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडला मुभा होती. १९९६ मध्ये ती ४.५ वर आली, २००० मध्ये २ वर, २००५ मध्ये दीड आणि २०१० मध्ये १ ग्रॅम. ३० वरून २ पर्यंतचा प्रवास नऊ वर्षांत. या नऊ वर्षांत टू-स्ट्रोक इंजिन मोडीत निघू लागले.

टू-स्ट्रोक इंजिन होते मोठे गुणी. व्हॉल्व्ह नाहीत, भाग थोडे, उघडायला सोपे, किंमत कमी, आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट असल्याने पिकअप झकास. आरएक्स १०० चा आवाज नुसता ऐकून आजही चाळिशी-पन्नाशीतले लोक मान वळवतात. पण त्या इंजिनात जळालेला धूर बाहेर ढकलायचे काम आत येणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रणच करते, आणि ढकलता ढकलता त्यातला बराच भाग स्वतःही न जळता बाहेर पडतो. वर पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळते. तोच मागचा निळा धूर. प्लग काळा पडणे, सायलेन्सर काजळीने चोंदणे, तो काढून जाळून साफ करणे हे सगळे त्यातूनच येई. हायड्रोकार्बनचा काटा बसवल्यावर या इंजिनाला सुटका नव्हती. फोर-स्ट्रोकमध्ये धूर काढायला पिस्टनची एक फेरी वेगळी राखलेली असते, म्हणून पेट्रोल वाया जात नाही.

फोर-स्ट्रोककडे लोक आधी वळले ते मात्र धुराच्या भीतीने नव्हे, पेट्रोलच्या पैशांसाठी. १९८५ मध्ये हिरो होंडाची ९७ सीसीची सीडी १०० आली आणि लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात घेऊन खेड्यापाड्यांत पोचली. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले यांची ती गाडी झाली. बजाजला जाग उशिरा आली, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. बजाजचा वाळूजचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. पैठणवरून गेले की तो उमापूरकरांना सर्वांत जवळचा मोठा वाहन कारखाना. तिथून १९८६ मध्ये बाहेर पडल्या त्या एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याची केबी १००, दोन्ही टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकची ४एस चॅम्पियन १९९१ ची, बॉक्सर १९९७ ची, कॅलिबर १९९८ ची. याच वर्षी आकुर्डीहून लेजंड ही फोर-स्ट्रोक स्कूटर निघाली. चेतकचे साम्राज्य तोवर उतरणीला लागले होते.

२००१ मध्ये पल्सर आली आणि २००३ मध्ये तिचे डीटीएस-आय इंजिन. एका सिलिंडरला दोन प्लग. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त ठेवली की ते स्वस्त पडते आणि धूरही कमी होतो, पण असे पातळ मिश्रण सावकाश पेटते. दोन बाजूंनी ठिणगी दिली की ते वेळेत जळून जाते. कल्पना जगात पूर्वी वापरली गेली होती, पण लहान इंजिनात ती अशी बसवण्याचे पेटंट बजाजने घेतले, आणि त्यावरून टीव्हीएसशी मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलेला खटलाही चालला. व्हेस्पाचे उसने इंजिन बनवणाऱ्या आकुर्डीच्या कंपनीचे इंजिनाच्या पेटंटसाठी भांडण व्हावे, हा तीस वर्षांतला फरक आहे. एआरएआयने हे इंजिन बनवले नाही. पण टेकडीवरच्या पिशवीतला आकडा दर चार-पाच वर्षांनी खाली येत राहिला नसता, तर दोन प्लगांचा खटाटोप कोणी केला असता?

मोटारींचे थोडक्यात सांगतो. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली, तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे सुझुकी इंजिन घेऊन. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, तिचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन पुण्यात घडले, आणि त्याचा आवाज सुरुवातीला टेम्पोच्या जवळचा होता हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण डिझेलवरची परवडणारी मोटार तालुक्याच्या गावात पोचली ती तिच्यामुळे.

धुराचा प्रश्न नुसत्या इंजिनाने सुटणारा नव्हता. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पेट्रोलमधल्या शिशाने निकामी होतो. म्हणून १९९५ मध्ये आधी महानगरांत आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. डिझेलमध्ये तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाखांत १०,००० भाग गंधक चाले; ते आज १० भागांवर आले आहे. इंधन आणि इंजिन यांची पावले एकत्र पडली पाहिजेत, याचा आराखडा २००१ मध्ये नेमलेल्या समितीने केला. तिचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांच्या अहवालावरून २००३ मध्ये वाहन-इंधन धोरण ठरले आणि भारत स्टेज (बीएस) दोन, तीन या पायऱ्यांना तारखा मिळाल्या. महानगरांना आधी, बाकी देशाला नंतर, असे ते ठरले. बीडची हवा दिल्लीपेक्षा पाच वर्षे मागून स्वच्छ होणार, असे त्याचे साधे भाषांतर. त्या काळी रिफायनऱ्यांना एवढा वेळ लागणारच होता, हेही खरे.

या तारखा गावाला कळल्या त्या मात्र सेलमुळे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १ एप्रिलपासून बीएस-तीनची एकही गाडी विकायची नाही. कंपन्यांकडे अशा ८.२४ लाख गाड्या पडून होत्या, बहुतेक दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमवर जी झुंबड उडाली ती कोणी विसरलेले नाही. हजारो रुपयांच्या सवलतीत गाडी मिळाली म्हणून लोक खूश, आणि ज्या धुरासाठी हा निकाल होता तो धूर त्याच गाड्यांतून पुढची दहा-बारा वर्षे निघत राहणार! बीएस-पाच ही पायरी गाळून १ एप्रिल २०२० रोजी बीएस-सहा आले, तेव्हा सगळे टाळेबंदीत घरात बसले होते.

बीएस-सहाने मोटारसायकलमधून कार्बुरेटर जवळपास हद्दपार केला. आता पेट्रोल किती सोडायचे हे सेन्सर आणि संगणक ठरवतात. चोक ओढणे गेले, स्क्रू पिळून गाडी ‘ट्यून’ करणे गेले. यात सर्वांत मोठा तोटा झाला तो चौकातल्या मेकॅनिकचा. कानाने इंजिन ओळखणारा, जेट फुंकून कचरा काढणारा माणूस आता स्कॅनरशिवाय काही सांगू शकत नाही, आणि प्रत्येक कंपनीचा स्कॅनर वेगळा. एआरएआय प्रशिक्षणाचे कामही करते, पदव्युत्तर अभ्यासक्रमांपर्यंत. पण तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्यापर्यंत ते पोचत नाही. उत्सर्जनाचे नियम करणाऱ्या कोणाच्याच यादीत तो कधी नव्हता.

संस्थेची कसोटी पाहणारा प्रसंग २०१५ चा. अमेरिकेत फोक्सवॅगनचे बिंग फुटले: गाडीतल्या संगणकाला आपण रोलरवर आहोत हे कळत होते आणि तो तेवढ्यापुरता धूर कमी करत होता. रस्त्यावर आले की मोकळा. भारतातल्या गाड्या तपासायला सरकारने एआरएआयला सांगितले. रोलरवर नव्हे, रस्त्यावर चालवून मोजल्यावर धूर मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला आणि कंपनीने सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारखानदार ज्या संस्थेचे सभासद आहेत तिने कारखानदाराला पकडले, ही जमेची बाजू. पण अमेरिकेत फुटेपर्यंत इथे ते दिसले नव्हते, हेही इतिहासात लिहायला हवे. तपासणाऱ्याचा खर्च तपासून घेणाऱ्याने द्यायचा, ही पद्धत जगभर आहे; म्हणून ती निर्दोष ठरत नाही. यातून एक चांगले निष्पन्न झाले. एप्रिल २०२३ पासून मोटारींना खऱ्या रस्त्यावरची चाचणीही लागू झाली. गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती शहरात, गावाबाहेर आणि महामार्गावर चालवतात.

टेकडीवरची जागा दरम्यान अपुरी पडली आणि संस्थेचा पसारा चाकणलाही गेला. केंद्राच्या २००५ च्या ‘नॅट्रिप’ या वाहन-चाचणी प्रकल्पातून तिला आणि अहमदनगरच्या व्हीआरडीईला नवी साधने मिळाली. दर दोन वर्षांनी पुण्यात जानेवारीत तिची मोठी तांत्रिक परिषद भरते. टक्कर चाचण्या, आवाज, दिवे, हॉर्न, अलीकडे विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या असे बरेच काही तिथे तपासले जाते. पुणेकरांना यातले फारसे ठाऊक नसते. संध्याकाळी फिरायला जाणारे त्या जागेला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात आणि सूर्यास्त बघून खाली येतात.

सध्या टेकडीवरच्या कामाचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आला आहे तो इथेनॉलमुळे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि त्यातला एक वाटा उसाचा. तो ऊस तोडायला दर दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी सर्वाधिक माणसे बीडची. ई-२० इंधनाचे इंजिनावर काय परिणाम होतात याच्या चाचण्या एआरएआयने इंडियन ऑइल आणि डेहराडूनची पेट्रोलियम संस्था यांच्याबरोबर केल्या. इंजिनाला मोठा धोका आढळला नाही. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज घटणार हे उघड होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के, आणि तशाच मोटारींसाठी ६ ते ७ टक्के सांगितली आहे. म्हणजे लिटरला ६० देणारी मोटारसायकल ५८ च्या आसपास येईल. त्याहून खूपच कमी देत असेल तर दोष इथेनॉलचा नाही, टायरची हवा आणि एअर फिल्टर बघावा. आणि गाडी जुनी असेल, वीस-तीस हजार किलोमीटर झाली असतील, तर पेट्रोलची रबरी नळी आणि वॉशर या सर्व्हिसिंगला बदलून घ्यावेत. त्यांचा खर्च फार नाही.